लाल खुणेचा पेला

“थांब! हितनं पुढं पाऊल टाकशील तर बघ!”

आत्ती ओरडल्या आणि अंगणातले सगळे अडकित्ते एकदम थांबले. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्या कोल्हापूर भागात सासूला आत्ती म्हणतात. मी दारातच उभी राहिले. माझ्या मागं माझा थोरला भाऊ आनंदादादा, टोपी हातात घेऊन.

लोणच्याचा दिवस होता. तो काही मी मुद्दाम निवडला नव्हता, पण देवानं माझ्यासाठी निवडला असेल तर त्याचे उपकार मानते. वडगावात हौसाबाईंचं लोणचं म्हटलं की लोक वर्षभर आधी बरण्या सांगून ठेवायचे. मृगाच्या तोंडावर टेंपो भरून कैऱ्या यायच्या, गल्लीतल्या बायका फोडायला बसायच्या, परातींत मोहरी, मेथी, हिंग, मीठ. आठ वर्षं तो मसाला मी कालवला आणि नाव आत्तींचं झालं. त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. सुनेच्या हाताला सासूचं नाव लागायचंच.

“मावशी, मयूरीला न्यायला आलोय,” दादा म्हणाला. मयूरी म्हणजे माझी लेक, मयू.

“पोरगी कुठं जायाची न्हाई. आनि तू हिला घिऊन आलासच कसा? डोळं फुटल्यात व्हय तुझं? तोंड बघ की हिचं, कसं सुजलंय! रोग अंगभर भिनलाय.”

बायकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. ते खरंच सुजलं होतं. गाल टम्म फुगले होते आणि हनुवटी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. दोघीतिघींनी पदर नाकाला लावला. यातल्या एकीच्या बाळंतपणात मी महिनाभर डबा पोचवला होता.

दादा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, “सांग की. लगीच सांग.”

सांगायचं म्हणजे एकच वाक्य होतं. मुरगूडच्या माहेराहून येताना एस.टी.त मी ते सारखं घोकत होते. रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, एवढं वाक्य बोलायचं आणि मयूला घेऊन यायचं, असं आमचं ठरलं होतं.

त्या घरात कावीळ पहिल्यांदा आली ती आत्तींनाच. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि अर्धी गल्ली पिवळी झाली. आत्तींच्या ओकाऱ्या मी काढल्या, लुगडी मी धुतली, पेज मी भरवली. गावात काविळीची माळ देणारा एक म्हातारा होता. कसल्याशा मुळीचे तुकडे ओवलेली इवलीशी माळ तो डोक्यावर ठेवायचा. कावीळ उतरते तशी माळ लांबत खाली येते आणि पायांतून निघाली की माणूस बरा, असा सगळ्यांचा विश्वास. आत्तींची माळ पायांतून निघाली. मग मला कावीळ झाली. माझी माळ गळ्यापर्यंत आली आणि तिथंच अडकली.

माझे डोळे निवळायचे आणि पुन्हा पिवळे व्हायचे. सांधे दुखायचे, उभ्या उभ्या डोळा लागायचा. माळ उतरेना म्हटल्यावर आत्तींनी गल्लीभर सांगितलं की हिची कावीळ साधी नव्हं. मग कोल्हापूरला रक्त तपासलं आणि त्यात हिपॅटायटिस ‘सी’ निघाली. सी म्हणजे काय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. वाईट चालीच्या बायकांना होते, असं कुणीतरी सांगितलं आणि तेवढं पुरेसं झालं. आत्तींनी माझीच नेलपॉलिशची बाटली घेतली आणि माझ्या ताटाला, वाटीला, पेल्याला लाल ठिपके लावले. मी गोठ्यात जेवू लागले, आणि पुढं तर माहेरीच धाडलं मला. मयूला मात्र ठेवून घेतलं. “पोरीला मारायचं हाय का तुला?” असं म्हटल्यावर मी एकटीच एस.टी.त बसले. त्या वेळी दादासुद्धा खाली मान घालून बसला होता.

आता माझा नवरा जयसिंग घरातून बाहेर आला. दाढी कोरलेली, अंगात नवा शर्ट. हुपरीची मुलगी त्याला सांगून आलीय, हे आम्हाला आधीच कळलं होतं. त्याच्या हातात पाण्यानं भरलेला पेला होता आणि पेल्यावर लाल ठिपका होता. त्यानं तो फरशीवर ठेवला, दोन पावलं मागं झाला, मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा पुढं आला आणि पायानं पेला माझ्याकडं सरकवला.

“पी. उन्हातनं आलीयास,” तो म्हणाला.

जयसिंग मनानं वाईट नाही, असं लोक अजून म्हणतात. मी म्हणत नाही. माझ्या दृष्टीनं तो पाय म्हणजेच जयसिंग.

“मयूला बोलवा,” मी म्हटलं.

“लांबनं बघायचं आनि जायाचं,” आत्ती म्हणाल्या. “मये! भाईर ये गं!”

मयू आली. सहा वर्षांची होती. उंच झाली होती, आणि फ्रॉक मी शिवलेलाच होता, पण आता गुडघ्यावर गेला होता. सोप्याच्या खांबाशी येऊन ती बरोबर थांबली, जशी काही तिथं रेघ आखलेली होती.

“आई, लांबनं बोल हां,” ती म्हणाली. “तुझा वारा लागला की मी मरीन.”

शाळेत कविता म्हणतात तशा सुरात ती हे म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती. मग एकदम हसून तिनं खालचा ओठ ओढून धरला. “बघ, माझा दात पडला!”

“कुठला गं?”

“ह्यो!”

तेवढ्या अंतरावरून मला दिसलाच नाही. माझ्या लेकीचा पहिला दात पडला आणि मला ते भोक दिसेना. आजही हे लिहिताना माझ्या कानशिलांत गरम होतं.

“आता तरी सांग!” दादा दात आवळून म्हणाला.

मी तोंड उघडलं. समोर बायका, त्यांचे नाकाला लावलेले पदर, जयसिंगचा पाय, तो पेला. आणि मला कळलं की या अंगणात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. किंमत आहे ती माझ्या थुंकीला.

मी वाक्य गिळलं. खाली वाकले, पेला उचलला, घटाघटा पाणी प्यायले, रिकामा पेला पिशवीत टाकला आणि फरशीवर पाय ठेवला.

“ए! ए शालन!” आत्ती किंचाळल्या.

“येतेय, आत्ती. लोणचं घालायचं म्हणजे माझा हात नको का?”

बायका ओट्या सावरत भिंतीकडं पळाल्या. एकीच्या मांडीवरच्या कैऱ्या गडगडत गटारापर्यंत गेल्या. मी फोडींच्या ढिगातली एक फोड उचलली, अर्धी खाल्ली, अर्धी डाव्या हातात धरली. मग मसाल्याच्या मोठ्या परातीपाशी बसले, बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं.

“मीठ कमी पडलंय,” मी म्हटलं.

आणि खरंच कमी पडलं होतं! मी नसताना त्यांना तेही जमलं नव्हतं. मी मिठाच्या डब्यात हात घातला, मूठभर मीठ परातीत टाकलं आणि कोपरापर्यंत हात घालून मसाला कालवला. मग उठले आणि भिंतीशी मांडलेल्या बरण्यांकडं गेले. सकाळपासून कालवून भरलेल्या होत्या त्या. प्रत्येक बरणीचं फडकं काढलं, बोट घातलं, चाटलं. कुणीही मला धरायला आलं नाही. त्या घरात मी नांदले तेवढ्या वर्षांत इतकी मोकळी कधीच फिरले नव्हते.

“जयसिंग, धर की तिला!” आत्ती ओरडल्या.

जयसिंग एक पाऊल पुढं आला. मी मसाल्यानं माखलेला हात त्याच्या नव्या शर्टाकडं नुसता केला. तो दोन पावलं मागं गेला.

मग मी मयूसमोर जाऊन गुडघ्यांवर बसले. आता मला भोक दिसलं. खालचा, उजवीकडचा दात. मी ती अर्धी उष्टी फोड तिच्यापुढं धरली.

“मयू, आ कर.”

“नको गं! नको, पोरी!” आत्तींचा आवाज फाटला.

मयूनं एकदा आज्जीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तिला वाऱ्याबद्दल शिकवलं होतं. कैरीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आ केला. मी फोड तिच्या तोंडात ठेवली, मग तिला जवळ ओढून तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. हळद-तिखटानं तिचे गाल पिवळे-लाल झाले.

“आंबाट!” मयू डोळे मिचकावत खिदळली. आणि सवयीनं, तोंडातली फोड दाखवायला, आज्जीकडं पळाली. “आज्जी, बघ, आईनं...”

आत्ती मागं सरकल्या. मयू पुढं गेली तशा आणखी मागं सरकल्या, पाठ भिंतीला लागेपर्यंत. गेले दहा महिने जिला त्या कुशीत घेऊन झोपत होत्या, तिच्यापुढं त्यांनी हात आडवा धरला.

“लांब ऱ्हा! जयसिंग, हिला लांब कर माझ्यापास्नं!”

मयू मधल्यामध्ये थांबली. तिच्या तोंडात ती फोड तशीच होती.

“ने!” आत्ती मला म्हणाल्या. “ने हिला. आत्ताच्या आत्ता ने! परत तोंड दावू नगा दोघीबी!”

“कपडे?” मी विचारलं.

“सगळं ने!”

मला हेच तर हवं होतं. मी मयूचा हात धरला आणि अंगणाच्या मधोमध चालत बाहेर पडले. मागं बायकांची हात धुवायची घाई उठली होती.

दादा तरातरा पुढं चालत एस.टी. स्टँडवर आला. मयूला त्यानं उसाचा रस घेऊन दिला, आणि मग फुटला.

“येडी का खुळी तू? एक वाक्य! ‘मला सी नाही’, एवढं म्हणायचं हुतं! मिरजेच्या डॉक्टरांनी येवढं समजावून सांगितलं, आनि तू तिथं भुताटकी करून आलीस?”

तेच ते वाक्य. मला सी नव्हती. कधीच नव्हती.

आजार थांबेना म्हणून वहिनीनं हट्ट धरला आणि दादा मला मिरजेला डॉ. नाडगौडांकडं घेऊन गेला होता. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं, पोटातून सुईनं यकृताचा कण काढून तपासला, आणि विषाणू अंदाजानं नाही तर थेट शोधला. सापडला नाही. “पहिली तपासणी फसली,” ते म्हणाले. “तुमच्या रक्तात लढाऊ प्रथिनं इतकी वाढली होती की त्या तपासणीला सी असल्याचा भास झाला. असं होतं कधी कधी.”

“मग मला झालंय काय?”

“तुमचं शरीर स्वतःच्याच यकृताला परकं समजून मारतंय. बाहेरचं कुणी नाही. आपलीच माणसं आपल्याच माणसावर उठलीत, असं समजा.”

हे मला समजायला वेळ लागला नाही. मी तशाच घरात नांदले होते.

“पण हे सुरू कशानं झालं?” दादानं विचारलं.

“घरात आधी कुणाला कावीळ झाली होती का?” डॉक्टरांनी मला विचारलं. मी आत्तींचं सांगितलं. ते मान हलवत राहिले. “छातीठोक सांगता येणार नाही. पण काही जणांत साधी कावीळ येते आणि जाते, विषाणू निघून जातो, आणि शरीर मात्र लढायचं थांबत नाही. सासूबाईंची कावीळ तुम्हाला लागली असेल आणि त्यातून हे जागं झालं असेल. आणखी एक. सी जरी असती, तरी ती रक्तातून जाते. ताट-पेल्यातून नाही, मुक्यानं नाही. मुलीला लांब ठेवायचं काही कारणच नव्हतं.”

त्यांनी गोळ्या दिल्या. सी समजून त्या वेळची सीची इंजेक्शनं दिली असती, तर माझं यकृत आणखी भडकलं असतं, असंही म्हणाले. गोळ्यांनी कावीळ गेली, सांधे मोकळे झाले आणि तोंड सुजलं. अंगणातल्या बायकांनी बघितला तो रोग नव्हता, ते औषध होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि दादालाही. म्हणून तो स्टँडवर इतका चिडला होता.

“दादा,” मी म्हटलं, “मी सांगितलं असतं, तर आत्ती काय म्हणाल्या असत्या?”

त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

“‘एकदा लागल्यालं जातंय व्हय’ म्हणाल्या असत्या. ‘आनखी सा महिनं थांबू, मग बघू’ म्हणाल्या असत्या. तोवर हुपरीची नवी आई घरात आली असती. आणि समजा पटलंच असतं, तर काय? ‘ये परत, मसाला कालवायचाय’!”

“आनि पोरीच्या नावाला डाग लागला त्याचं काय?”

“तो मी पुसीन. त्यांच्या दाराला लागलाय तो त्यांना पुसू दे.”

मयूनं रसाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. “आज्जी मागं का सरकली गं?” तिनं विचारलं.

“घाबरली,” मी म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं.

त्यांचा डाग पुसला गेला नाही. आत्तींनी त्या वर्षीचं सगळं लोणचं, मसाल्याच्या परातींसकट, रानात खड्डा खणून पुरलं. पण बायकांची तोंडं कुठं पुरणार? माझी बदनामी ज्या गल्लीनं घरोघर पोचवली, तिनंच ही बातमीही पोचवली, आणि तेवढ्याच आवडीनं. हौसाबाईंच्या बरणीत सीची थुंकी आहे, असं पेठेत झालं. पुढच्या वर्षी एक बरणी कुणी सांगितली नाही. हुपरीच्या पाहुण्यांनी ज्या घरात सी फिरते तिथं मुलगी देत नाही असा निरोप धाडला. जयसिंग पुढं ट्रकवर ड्रायव्हर झाला आणि एकटाच राहिला. आत्ती दरवर्षी कैरीच्या दिवसांत रक्त तपासायला जायच्या, असं मला कळायचं. तपासणी कोरी आली की म्हणायच्या, “रोग अजून वर आला नसंल.”

मला हे ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? मी मुरगूडला शिवणाचा क्लास काढला, मयूला शिकवलं, गोळी रोज घेतली. अजून घेते. फक्त कधी एखाद्या दिवशी वाटायचं की ते वाक्य तिथं बोलून बघायला हवं होतं का. माणसं ऐकतातही कधी कधी. आपणच त्यांना संधी दिली नाही, असं तर नाही ना? हा किडा मला अधूनमधून चावायचा.

मयूचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात एक रिक्षा दारात थांबली. आत्ती उतरल्या. वाळून काटकी झाल्या होत्या. काठी टेकत फाटकापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

“आत या,” मी म्हटलं.

“नगं. हितंच बरी हाय.” त्यांनी घराकडं मान उंच करून बघितलं. “पोरीचं लगीन हाय म्हनं. तिचं डोळं बरं हाईत न्हवं? पिवळं न्हाईत?”

“नाहीत.”

“सासरच्यांना सांगितलंस का?”

“काय सांगायचं?”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. ऊन रणरणत होतं, ओठ सुकले होते त्यांचे. मी आत गेले, फळीवरून पेला काढला आणि माठातलं पाणी भरून आणलं. लाल ठिपका इतक्या वर्षांत झिजला होता, पण होता. त्यांनी पेला हातात घेतला, फिरवला, आणि ठिपका बघितला. ओळखला त्यांनी.

आणि मग मी ते वाक्य बोलले. फाटकाच्या अलीकडून, आवाज न चढवता, न रडता, जसं ठरलं होतं तसं.

“आत्ती, मला सी नव्हती. कधीच नव्हती. पहिली तपासणी चुकली होती. माझ्या अंगातलं माझंच मला खात होतं, आणि ते कुणालाच लागत नाही. त्याची सुरुवात झाली असेल तर ती तुमच्या काविळीतून. मी तुमच्या ओकाऱ्या काढल्या होत्या तेव्हा.”

त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या. मला वाटलं, आता रडतील. मला वाटलं, आता मयूचं नाव घेतील, त्या दिवशी आडव्या धरलेल्या हाताचं काहीतरी बोलतील.

“म्हंजी,” त्या म्हणाल्या, “ते लोणचं चांगलं हुतं?”

“चांगलं होतं,” मी म्हटलं. “मीठ बरोबर झालं होतं.”

त्यांनी मान हलवली. मग पेला उचलला. तहान तर दिसत होती, घसा खालीवर होत होता. त्यांनी मान मागं टाकली, तोंड उघडलं आणि पेला वीतभर वर धरून वरून पाण्याची धार सोडली. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. ओठ त्यांनी पेल्याला लागू दिला नाही.

मी तो रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला. इतकी वर्षं चावणारा तो किडा तिथंच मेला. पेला मी घरात नेला, धुतला आणि आमच्या रोजच्या पेल्यांत नेऊन ठेवला.